पायाचं ऑपरेशन झालं, आता चालायला शिकूया

आजच्या बोलण्याचा विषय आहे पायाचं हाड मोडल्यावर, ऑपरेशन झाल्यावर करायचे व्यायाम. म्हणजे फिजिओथेरपी.

हा विषय घेण्याचं कारण आपल्याच गटांमध्ये आहे. पंढरपूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात बैठकीला जा, पायात रॉड किंवा प्लेट असलेली एखादी बाई भेटतेच. कुणी मोटारसायकलवर मागं बसून चालली होती, कुणी घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरली, कुणाचा पाय न्हाणीत सटकला, कुणी उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पडली. ऑपरेशन चांगलं होतं. घरी आणतात. मग सगळे एकच सांगतात, "आता हलू नको, पडून राहा, हाड सरकेल."

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला की डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळतंय. पण गुडघा वाकत नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. खुरपायला जाता येत नाही, संडासला बसताना दुसऱ्याचा आधार लागतो. गटाच्या बैठकीत बाकी सगळ्या सतरंजीवर आणि ही एकटी दाराजवळ खुर्चीवर. पुढं पुढं ती बैठकीला यायचंच बंद करते. हाड बरं झालं आणि बाई घरात बसली, असं होऊ नये म्हणून आज थोडं समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट जे सांगतात आणि गडबडीत आपल्यापर्यंत नीट पोचत नाही, ते आपल्या भाषेत सांगते.

ऑपरेशन कशासाठी करतात?

पूर्वी मांडीचं हाड मोडलं की पायाला वजन बांधून आठवड्यामागून आठवडे खाटेवर ठेवायचे, नाहीतर कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालायचे. हाड जुळायचं, पण तोवर गुडघा आणि घोटा आखडून जायचा, मांडी काडीसारखी व्हायची. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही हाडांच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन एक गट केला. हो, त्यांचाही गटच होता. त्यांनी असं धरलं की मोडलेलं हाड आतून प्लेट आणि स्क्रूनं इतकं घट्ट बसवायचं, की रुग्णाला लवकरात लवकर सांधे हलवता आले पाहिजेत. आज जगभर याच विचारानं ऑपरेशनं होतात.

म्हणजे बघा, पायात धातू घालण्याचं एक मोठं कारणच हे आहे की तुम्हाला लवकर हालचाल करता यावी. लाखभर रुपयांचं ऑपरेशन करून मग तीन महिने पाय न हलवता पडून राहायचं, म्हणजे मोटार बसवायची आणि पाणी सोडायचंच नाही.

दुसरी गोष्ट. रॉड किंवा प्लेट हाड जोडत नाही. ती फक्त धरून ठेवते. डाळिंबाची फांदी चिरली तर आपण बांबूचा टेकू देऊन बांधतो ना, तसं. जोडायचं काम झाडाचं, इथं शरीराचं. मांडीचं किंवा नडगीचं हाड पक्कं व्हायला मोठ्या माणसात साधारण ३ ते ६ महिने लागतात, कधी जास्तही. एवढ्या काळात सांधा आणि स्नायू जिवंत ठेवायचे असतील तर व्यायामाला पर्याय नाही.

नुसतं पडून राहिलं तर काय बिघडतं?

मांडीचे स्नायू वापरात नसले की झपाट्यानं वाळतात. दोन आठवड्यांतच दोन्ही मांड्यांना दोरी लावून मापली तर फरक दिसतो. मग पायावर उभं राहिलं की गुडघा लटपटतो आणि पुन्हा पडायची भीती. सांध्याभोवतीचे पडदे आखडतात, आतले पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून गुडघा वाकत नाही. पोटरीतलं रक्त साकळून गाठ होऊ शकते आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हाताऱ्या माणसांना पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो.

म्हणूनच खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना ऑपरेशननंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी धरून उभं करतात. घरच्यांना वाटतं, किती निर्दयपणा! पण आजीचा जीव वाचवायचाच तो मार्ग आहे. नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट उठवायला आले तर त्यांना अडवू नका.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे

पुष्कळ जणींना वाटतं, फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक किंवा तेल लावून चोळणं. शेक, मशीन हे जोडीला असतं. खरा उपचार म्हणजे ठरवून दिलेली हालचाल, आणि ती तुम्हालाच करायची असते. फिजिओथेरपिस्ट ती मोजून देतात, शिकवतात, दर वेळी पाहून वाढवतात.

या कामाचा इतिहासही बायकांशी जोडलेला आहे. १८९४ साली इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन या कामाची पहिली संघटना काढली. आपल्या देशात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं शिक्षण सुरू झालं. आज बारावीनंतर चार वर्षांहून जास्त काळ शिकून ही पदवी मिळते आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे. तेव्हा कुणाकडं जाण्याआधी "पदवी कोणती, नोंदणी आहे का?" असं विचारायला लाजू नका. आपण बियाणं घेतानासुद्धा पिशवी उलटून बघतोच की.

घरी सोडताना हे तीन प्रश्न विचाराच

सगळ्यांचं फ्रॅक्चर सारखं नसतं, त्यामुळं शेजारणीचा व्यायाम तुम्हाला चालेलच असं नाही. मांडीच्या हाडात मधोमध रॉड असेल तर पुष्कळदा लवकर वजन टाकायला सांगतात. गुडघ्याजवळच्या सांध्यात प्लेट असेल तर ६ ते १२ आठवडे पाय टेकूही देत नाहीत. म्हणून दवाखान्यातून निघायच्या आधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि कागदावर लिहून घ्या:

एक, पायावर किती वजन टाकायचं? अजिबात नाही, नुसता पंजा टेकवायचा, अर्धं, की पूर्ण? आणि कधीपासून?

दोन, गुडघा किंवा घोटा किती वाकवायचा?

तीन, कोणती हालचाल अजिबात करायची नाही?

हा कागद फिजिओथेरपिस्टला दाखवायचा. वजन किती टाकायचं हे ठरवायचा अधिकार ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा. सासूबाईंचा नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि आपल्या घाईचाही नाही.

साधारण काय काय करायला सांगतात?

पहिल्या दोन आठवड्यांत खाटेवरचे व्यायाम असतात. घोट्याला मनाई नसेल तर पंजा वर ओढायचा, खाली ढकलायचा. जागं असताना दर तासाला दहा-वीस वेळा. यानं पोटरीतलं रक्त खेळतं राहतं. दुसरा, पाय सरळ ठेवून गुडघा खाटेकडं दाबायचा, मांडी घट्ट करायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम पाय न उचलता होतो, पण मांडी वाळू देत नाही. सोबत दीर्घ श्वास.

इथं एक चूक घरोघरी होते. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात आणि दिवसभर ती तशीच राहते. गुडघा त्या वाकड्या स्थितीतच आखडतो. मग तो पूर्ण सरळ होत नाही आणि बाई कायमची लंगडते. सूज उतरवायला पाय वर ठेवायचा असेल तर पोटरी आणि टाचेखालून आधार द्या आणि गुडघा सरळ राहू द्या.

टाके निघाल्यावर, साधारण दोन ते सहा आठवड्यांत, गुडघा वाकवण्यावर भर असतो. पडल्या पडल्या टाच खाटेवरून स्वतःकडं सरकवायची. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की सहज सरकते. खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाचा आधार देत हळूहळू वाकवायचा. पाय सरळ उचलायचा व्यायामही असतो, पण गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन असेल तर तो विचारल्याशिवाय करू नका.

सहा आठवड्यांनंतर एक्स-रे पाहून डॉक्टर वजन वाढवायला सांगतात. वॉकरवरून काठीवर, काठीवरून मोकळं. तीन महिन्यांनंतर खुर्चीतून हात न टेकता उठणं, एका पायावर तोल, पायऱ्या आणि शेवटी खाली बसणं. कुणाचं लवकर होतं, कुणाचं उशिरा. तारखांकडं न बघता डॉक्टरांच्या कागदाकडं बघायचं.

गुडघ्याचा हिशोब लक्षात ठेवा. पाय अगदी सरळ म्हणजे शून्य अंश, खुर्चीवर बसल्यावर होतो तो काटकोन म्हणजे ९०. सपाट रस्त्यावर चालायला सुमारे ६० अंश पुरतात. पायऱ्या उतरायला ९०च्या आसपास लागतात. उकिडवं बसायला १२०च्या पुढं. शहरातली कमोड-खुर्चीवाली बाई ९०वर निभावून नेईल. चूल, शेत आणि साधा संडास वापरणाऱ्या बाईला ते पुरत नाही. आपली गरज जास्त आहे, म्हणून आपल्याला व्यायाम जास्त लागतो. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, "मला खाली बसून काम करायचं आहे." पण खुब्यात नवा गोळा बसवला असेल तर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं याला डॉक्टर बहुतेक मनाई करतात. ती मात्र पाळायची.

दुखतं, तर थांबायचं का?

आखडलेला सांधा हलवला की ओढ बसते, थोडं दुखतं. व्यायामानंतर तासा-दोन तासांत ते शांत झालं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आणि सूज आदल्या दिवशीपेक्षा वाढलेली असेल तर जास्त झालं, त्या दिवशी कमी करा. सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ताज्या ऑपरेशनवर गरम शेक देऊ नका. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घेतली तर व्यायाम सोपा जातो. त्यांना विचारून वेळ ठरवा.

घरातल्या कुणी जोर लावून गुडघा मोडू नये. कच्चं हाड पुन्हा मोडू शकतं, प्लेट वाकू शकते. सुजलेली पोटरी तेलानं चोळू नये. आत गाठ असेल तर ती सुटून छातीकडं जाऊ शकते. हाडवैद्याकडं नेऊन ऑपरेशन झालेला पाय ओढून घेऊ नये.

आणि ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: पोटरी सुजून लाल, गरम होऊन दुखायला लागली, टाक्यातून पू किंवा अंगात ताप, पंजा बधिर, गार किंवा निळसर झाला, अचानक जोराची कळ येऊन पाय टेकवेना. आणि एकदम दम लागला, छातीत दुखलं तर वाट न बघता १०८ला फोन.

घरातली तयारी

वॉकरची उंची तपासा. ताठ उभं राहून हात खाली सोडले की मनगटापाशी मूठ आली पाहिजे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. आपण नेमकं उलटं करतो. पायऱ्यांचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. जोतं असू दे नाहीतर चंद्रभागेचा घाट, नियम हाच.

उंबऱ्यातली गोधडी, फरशीवरचं पाणी, अंधारी न्हाणी या पुन्हा पाडणाऱ्या जागा आहेत. न्हाणीत प्लॅस्टिकची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी हवी. साध्या संडासावर ठेवायची भोक असलेली खुर्ची मिळते, तीही घ्या. रात्री दिवा चालू ठेवा.

जेवणात रोज डाळ किंवा उसळ, शेंगदाणे, दूध-ताक, जमत असेल तर अंडं. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं. सकाळी थोडं उन्हात बसा. साखरेचा आजार असेल तर साखर आटोक्यात ठेवा. आणि मिश्री, तंबाखू निदान हाड जुळेपर्यंत बंद. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला रक्त कमी पोचतं.

पैसा, वेळ आणि आपला गट

आता मुख्य अडचणीवर येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांची बरीच ऑपरेशनं होतात. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. पण घरी आल्यावर महिनोन् महिने लागणारी फिजिओथेरपी त्यात बसेलच असं धरून चालू नका. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आपल्या पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथंही विचारा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, त्यामुळं सोलापूरची फेरी पूर्वीइतकी जड नाही.

रोज जाणं कुणालाच जमत नाही. मग फिजिओथेरपिस्टला स्पष्ट सांगा, "मी दहा-पंधरा दिवसांनी येऊ शकते, तोवरचा व्यायाम शिकवा." सोबत घरातलं एक माणूस न्या, त्यांच्या परवानगीनं मोबाईलवर चित्रण करून घ्या, म्हणजे घरी विसरायला होत नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. घरच्या पुरुषाचा पाय मोडला तर त्याचा व्यायाम आपण वेळेवर करून घेतो. बाईचा मोडला तर दोन गोष्टी होतात. एक तर तिला हलूच देत नाहीत. नाहीतर महिन्याभरात ती भाकरी थापायला चुलीपुढं, आणि घरचे म्हणतात, "काम करतेच की, तोच व्यायाम." काम म्हणजे व्यायाम नव्हे. कामात आपण दुखरा पाय वाचवतो, सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. व्यायामात दुखऱ्या पायालाच कामाला लावायचं असतं. दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं, म्हणजे एक तास तिच्या पायासाठी बाजूला काढायचा. हा तास घरानं औषधाइतकाच धरला पाहिजे.

इथं गट पुष्कळ करू शकतो. आपण बियाण्याला, शाळेच्या फीला, लग्नाला अंतर्गत कर्ज देतो. फिजिओथेरपीच्या फेऱ्या, वॉकर, संडासची खुर्ची यासाठी कर्ज मागितलं तर ठरावात "आरोग्य" म्हणून बिनशंका लिहा. बाईचा पाय चालू झाला तर हप्ताही चालू राहतो, हे कुठल्याही सचिवाला कळतं. वॉकर आणि कमोड-खुर्ची तर ग्रामसंघानं एकदाच घेऊन ठेवावी. आज एकीला, सहा महिन्यांनी दुसरीला. आणि दोघीतिघींनी आळीपाळीनं तिच्याकडं जाऊन बसावं. ती दहा मोजेल, तुम्ही गप्पा मारा. वहीत रोजच्या व्यायामापुढं खूण करा, जशी बचतीची करतो. व्यायामाचंही बचतीसारखंच आहे. रोजचं थोडं दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतं.

एक शेवटचं. तीन महिने, सहा महिने होऊन गेले आणि गुडघा आखडलेलाच आहे, अशा बायका आज ऐकत असतील. "आता काय उपयोग" असं म्हणून सोडू नका. उशिरा सुरू केलेल्या व्यायामानंही पुष्कळ सुधारणा होते. व्यायामानं नाहीच जमलं तर डॉक्टरांकडं पुढचे उपायही आहेत. आधी दाखवून तर या.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एक नजर टाका. पाय मोडल्यापासून कोण यायची थांबली आहे? तिच्या घरी जा. खुर्ची लागत असेल तर आपण तिच्या घरी बैठक घेऊ, पण तिचा व्यायाम सुरू आहे का हे विचारूनच उठू. ती सतरंजीवर आपल्या शेजारी बसेपर्यंत विचारत राहू.